लग्नाला यायचं हं!

प्रति,
माझ्या रंधा मशीनच्या टेबलाखाली लग्नपत्रिका घालणारे अज्ञात कारागीर यांस,
मुक्काम नाशिक किंवा पंचक्रोशी



आपलं निमंत्रण मिळालं. लग्नाला येता आलं नाही याबद्दल दिलगीर आहे. पत्रिका हाती पडली ती मशीनचं मागचं टेबल उचलल्यावर, आणि तोवर नवरानवरीची मुलंसुद्धा कॉलेजात गेली असावीत. यात टपालखात्याला बोल लावता येत नाही. आपण पत्रिका टाकलीत तीच अशा पेटीत, की जी उघडायला सतरा नंबरचा पाना, चेन पुली आणि दोन धडधाकट माणसं लागतात.

सापडलेल्या ऐवजाचं वर्णन देतो, म्हणजे ओळख पटेल. जाड कागद, एकेकाळी लाल, आता ग्रीस पिऊन विटकरी झालेला. वरच्या कोपऱ्यात सोनेरी गणपती, तोही सोंडेपर्यंतच. मधोमध मुहूर्त, दुपारी 12 वाजून 35 मिनिटं. आणि खाली घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावाने छापतात ती ओळ, एक अक्षरही न पुसलेली : ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ तारीख, वधूवर आणि मंगल कार्यालय आपल्या कात्रीने गेलं. पुरावा नाहीसा करण्यात हात चांगला बसलेला दिसतो.

त्या मुहूर्ताचं मला फार कौतुक वाटलं. 12 वाजून 35 मिनिटं, 34 नाही, 36 नाही. मिनिटाचा हिशेब ठेवणारा तो कागद आपण अशा कामाला लावलात, जिथे मिलिमीटरचाही हिशेब राहिला नाही.

मी कोण, तेही सांगतो. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर हौसेने लाकूडकाम सुरू केलं आणि बंद पडलेल्या एका फर्निचरच्या कारखान्यातून हे बारा इंची रंधा मशीन घेतलं. माझ्याआधी त्याचे तीन मालक झाले होते. देणाऱ्याने टेबलावरून हात फिरवत सांगितलं, ‘‘काका, ओतीव बीड आहे. नातवाला पुरेल.’’ बीड नातवाला पुरेलच. पत्रिकेबद्दल तो काही बोलला नाही. त्यालाही आमंत्रण नसावं.

हे पत्र खुलं असल्यामुळे इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी मशीन काय करतं ते सांगतो. रंधा मशीन म्हणजे दोन लोखंडी टेबलं आणि मधल्या फटीत गरगर फिरणारा कटर ब्लॉक. माणूस उभा राहतो तिकडचं पुढचं टेबल, फळी जाऊन पोचते ते मागचं. पुढचं टेबल एखादा मिलिमीटर खाली ठेवायचं, म्हणजे तेवढी साल निघते. मागचं टेबल मात्र पात्याच्या सर्वांत उंच टोकाच्या बरोबरीत हवं, कारण नुकतं रंधलेलं लाकूड त्यावर टेकून पुढे सरकतं. ते खाली राहिलं तर शेवटी फळीचं शेपूट पुढच्या टेबलावरून सुटतं, पात्यावर पडतं आणि शेवटच्या दीड-दोन इंचांत खड्डा होतो. जास्त वर गेलं तर फळी त्याच्या ओठाला अडते, किंवा कशीबशी वर चढून पुढे पुढे कमी कमी कापली जाते. ही झाली उंची. दुसरी अट अशी की दोन्ही टेबलं एकमेकांना समांतर हवीत. वरखाली चालेल, तिरकं चालणार नाही. मागच्या टेबलाचं बाहेरचं टोक झुकलेलं असेल तर फळीची कड मध्ये पोकळ होते, उचललेलं असेल तर मध्ये फुगते. आणि दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या म्हटल्या की चूक दुप्पट दिसते, कारण दोघीही एकाच शाळेत शिकलेल्या असतात.

माझ्या मशीनने तीन वर्षं मला पोकळ कडा दिल्या.

जुन्या नाशकात एक वाडा पाडला, त्यातली तुळई मी घेतली होती. विकणारा म्हणाला, डांगचा साग. खरा असेलही, सापुताऱ्यापलीकडच्या त्या जंगलातलं लाकूड नाशकात पिढ्यान्‌पिढ्या येतंय. चिरल्यावर आतून मधासारखा रंग निघाला. मुलीसाठी सहा फुटी जेवणाचं टेबल करायचं ठरवलं. पाच फळ्या, चार सांधे. आधी हाताने चाचपून चार जुने खिळे काढले, पाचवा पात्याने शोधला. ते जाऊ द्या, तो दोष आपल्या खाती मांडत नाही. पण दोन फळ्या कडेला कड लावून खिडकीकडे धरल्या, तर मधून उजेड. थोडाथोडका नाही, अर्धा मिलिमीटर. टोकं घट्ट आणि पोट रिकामं.

आता, जुने सुतार असा सांधा मुद्दाम करतात हे मला ठाऊक आहे. मध्ये केसभर पोकळी ठेवायची आणि क्लॅम्पने आवळून घ्यायची, म्हणजे लाकूड वाळताना टोकं उकलत नाहीत. पण केसभर म्हणजे केसभर. अर्धा मिलिमीटर म्हणजे केस नव्हे, शेंडी. मी क्लॅम्प वाढवले. दोनाचे चार केले, चाराचे सहा. फट मिटली, फेव्हिकॉल ओघळला, मी हात पुसले. पुढल्या उन्हाळ्यात दुसरा सांधा जेवणाच्या वेळी, वरण वाढताना, ‘टक्‌’ असा आवाज करून उघडला. जावई घरात नवा होता. तो म्हणाला, ‘‘छान आहे, गावाकडचं वाटतं.’’

या तीन वर्षांत मी कोणाकोणाला दोष दिला त्याची यादी आपल्याला वाचायला आवडेल. प्रथम लाकडाला : वाड्याचं लाकूड, शंभर वर्षं वाकून उभं, त्याला सरळ होण्याची सवय उरली नसेल. मग पात्यांना, दोनदा धार लावून आणली. मग मदतीला येणाऱ्या पोराला. तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, ‘‘काका, मशीन चावतंय शेवटाला.’’ शेवटचे दोन इंच बोटाने दाखवलेही होते. रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाचा जमिनीतला हौद, उघडावी तशी छोटी खळगी. मी त्याला टूलरूममधलं एक भाषण दिलं. मशीन कधी खोटं बोलत नाही, हात खोटा बोलतो, दाब कुठे द्यायचा ते शीक. त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक फळी चार इंच लांब कापायला लागला, शेवटाचा चावलेला भाग छाटून टाकता यावा म्हणून. माझ्यापेक्षा तो शहाणा निघाला. सागाचं बिल मात्र वाढलं.

सर्वांत वाईट म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टात हेच मशीन सुतासारखं सरळ चालायचं. सांधा असा बसायचा की फळ्या वेगळ्या करताना चटका लागावा. मी खूश होऊन म्हणायचो, बघा, लाकूड मुरलं. दिवाळी उलटली की पुन्हा उजेड. चैत्र-वैशाखात तर त्या फटीतून पेपर वाचता आला असता. मी याचा संबंध हवेशी लावला, लाकडाच्या ओलीशी लावला, एकदा तर अमावास्येशीसुद्धा लावला. लोखंडी मशीनच्या पोटात कागद आहे, तो श्रावणात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, हे मला कसं सुचावं? टूलरूममध्ये असल्या रोगाचा धडा नव्हता.

आपण नाशिकचेच असाल तर एक विचारतो. गोदेला पूर किती आला हे आपण फुटांत विचारतो का? नाही. आपण विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का, गळ्याला लागलं का. 2016 आणि 2019 च्या पुरात तो बुडाला, तेव्हा गावाला वेगळं सांगावं लागलं नाही. अख्खं नाशिक त्याच्यावर विसंबतं, कारण पाणी चढतं-उतरतं, मारुती जागचा हलत नाही. रंधा मशीनचं मागचं टेबल म्हणजे सुताराचा दुतोंड्या मारुती. पातं झिजेल, पुढचं टेबल वरखाली होईल, पण याच्यावरून मोजायचं. आता कल्पना करा, कोणी रात्रीतून मारुतीच्या पायाखाली लग्नपत्रिका सरकवली. पाऊस आला की तो वाढतो, ऊन पडलं की खचतो. सराफ बाजारातल्या लोकांनी दुकानं कधी उचलायची?

शेवटी यंदाच्या मे महिन्यात मी हट्टाला पेटलो. प्लग काढून खिशात ठेवला. या मशीनला बोटांचा हिशेब नीट कळतो, म्हणून एवढी एक गोष्ट मी देवपूजेसारखी पाळतो. आधी सरळपट्टी हवी होती. माझी अ‍ॅल्युमिनियमची सहा फुटी पट्टी टेबलावर ठेवली तर टेबल वाकडं दिसलं. पट्टी उलटी केली तर टेबल दुसऱ्या बाजूला वाकडं दिसलं. म्हणजे पट्टीसुद्धा आपल्याच पक्षाची.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हा प्रश्न मला तरुणपणापासून आवडतो. जगातली पहिली सरळ पट्टी कशावरून तपासली? दोन पट्ट्या एकमेकींवर घासून जुळवल्या तर पुरावा होत नाही. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच पोकळ असेल तरी त्या छान जुळतात. लंडनला हेन्री मॉडस्लीच्या कारखान्यात यावर तोडगा होता, तो म्हणजे तीन. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी जुळली, तरच तिन्ही सपाट. त्याच कारखान्यात शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये ग्लासगोला यावर निबंध वाचला, आणि आजही सपाटपणाची वंशावळ तिथवर जाते. दोन खोटे साक्षीदार एकमेकांची साक्ष जुळवून देतात, तिसरा आला की गडबडतात. आपण आणि देणारा, असे दोघेच होता, म्हणून निभावलं.

सातपूरच्या जुन्या मित्राकडून तपासलेली पोलादी पट्टी उसनी आणली. पुढचं टेबल वर घेऊन मागच्याच्या बरोबरीला आणलं, टेबल खाचेत घट्ट धरणाऱ्या गिब पट्टीचे स्क्रू आणि लॉक आवळले. आवळल्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही, लॉक लागताना टेबल जागचं हलतं. पुढच्या टेबलावर दाबून पट्टी दोन्हीवर आडवी टाकली, आणि मागच्या टेबलाच्या टोकाला फट मोजायचा फिलर गेज घातला. पस्तीस सरळ आत गेला. 0.35 मिलिमीटर. टेबल झुकलेलं होतं. मशीन खोटं बोलत होतं, पोरगा नव्हे.

अशी टेबलं बीडाच्या पायावर तिरक्या डोव्हटेल खाचांत बसतात, कडेने गिब पट्टी. झुकलेलं टोक उचलायचं तर खाचेच्या खालच्या, बाहेरच्या टोकाला शिम, म्हणजे पातळ पत्र्याचं पॅकिंग, द्यायची. यात एक गंमत आहे. खाच फूटभर लांब आणि टेबल अडीच फूट. म्हणजे खाचेत जेवढं द्याल त्याच्या अडीचपट टेबलाचं टोक उचलतं. कागदाएवढ्या चुकीला इथे मोठा आवाज फुटतो. गिब सैल केली, चेन पुलीने टेबल उचललं, पोराने टॉर्च धरली, आणि तो म्हणाला, ‘‘काका, गणपती आहे इथे.’’

मी हसलो, रागावलो आणि मग पुन्हा हसलो. ज्या गावाशेजारी ओझरला 1964 पासून विमानांचा कारखाना आहे, जिथे निम्मं सातपूर मायक्रॉनच्या भाषेत भांडतं, तिथे लोखंडाखाली पत्रिका! कागदाचीच हौस होती तर नाशिकरोडला छापतात तो तरी वापरायचा. तीन-चार नोटा एकावर एक ठेवल्या असत्या तर जाडी तीच झाली असती, कागद कापसाचा, दमट हवेत जरा धीर धरणारा, आणि टेबल उचलणाऱ्याच्या हाती काही लागलं असतं. दुसऱ्या खाचेत पाहिलं, तर तिथेही त्याच पत्रिकेचा तुकडा, आणि वर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. मी पोराला म्हटलं, बघ, एका बाजूला पत्रिका, दुसऱ्या बाजूला पत्रिका आणि चांदी. पॅकिंग कमी पडलं असेल, खिशात जे होतं ते कोंबलं. या माणसाने मोजपट्टी कधी पाहिलीच नसेल.

इथवर हे पत्र मी मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं. पुढचा मजकूर नंतरचा आहे, आणि तो लिहायला मला जड जातंय.

दोन्ही खाचा पेट्रोलने पुसून कोरड्या केल्या. टेबल काही न घालता बसवलं, आवळलं, मोजलं. मागच्या टोकाच्या एका कोपऱ्यात चौतीस-पस्तीस थाऊ, म्हणजे इंचाचे हजारांश, निघाले, नव्या भाषेत 0.85 च्या थोडं वर; दुसऱ्या कोपऱ्यात पूर्ण एक मिलिमीटर. टेबल नुसतं झुकलेलं नव्हतं, किंचित पिळलेलंही होतं. ओतकामाचं बीड पुरतं मुरायच्या आत रंधलं की कधीकधी असं होतं. अडीचने भागलं. एका खाचेला 0.35 ची शिम हवी, दुसरीला 0.40 ची. आकडे पाटीवर लिहिले आणि चहा प्यायलो.

मग सहज आपली पत्रिका मायक्रोमीटरमध्ये धरली. टेबलाखाली चेपलेला भाग 0.21 भरला. वर्षानुवर्षांचा भार आणि थरथर. कागद तेवढा दबणारच. पण खाचेच्या बाहेर डोकावत राहिलेली एक कड होती, जिथे ‘यायचं हं’ छापलंय, तिच्यावर कधी भार आला नव्हता. ती मोजली. 0.35. मायक्रोमीटर पुसला, शून्य तपासलं, पुन्हा मोजली. 0.35. चांदीचा तुकडा मोजला. 0.05.

पोरगा पाटीकडे बघत होता. काही बोलला नाही. त्याला ती सवय नाही, म्हणून मला ते जास्त लागलं.

तेव्हा, महाशय, ‘मोजपट्टी कधी पाहिलीच नसेल’ हे वाक्य मी मागे घेतो. वर ते तसंच ठेवलंय, खोडलेलं नाही. आपण कशाने मोजलंत हेही माझ्या लक्षात आलं, म्हणजे आलं असावं. दोन फळ्या रंधून, कडेला कड लावून खिडकीत धरल्या असतील. त्यात चूक दुप्पट दिसते, म्हणून डोळ्यालाही पकडता येते. पॅकिंग दिलं, पुन्हा रंधलं, पुन्हा उजेडात धरलं. एका बाजूला पीळ राहिला म्हणून सिगारेटचं पाकीट फाडलं. जे काम मी उसन्या पोलादी पट्टीने, फिलर गेजने आणि भागाकाराने दोन दिवसांत केलं, ते आपण खिडकीने केलंत. कदाचित दुपारी लग्नाला जायचं होतं म्हणून घाईत.

पण गुन्हा माफ नाही, फक्त कलम बदललं. मोजमाप बरोबर, माल चुकीचा. पितळी शिमचा पत्रा नाशकात मिसळीच्या दोन प्लेटच्या पैशांत मिळतो. तो आणायला जायचा आपण कंटाळा केलात, किंवा मालकाने पैसे दिले नाहीत, आणि ‘तात्पुरतं’ म्हणून जे घातलंत ते तीन मालक टिकलं. शिवाय एक चिठ्ठी तरी? मशीनच्या बाजूला खडूने लिहायचं, ‘मागे कागद आहे, बदला’. चार शब्द. मी तीन वर्षं एका पोराला दाब कुठे द्यायचा ते शिकवलं, एका जावयाला माझं टेबल गावाकडचं वाटलं, आणि तुळईच्या किमतीत दर फळीमागे चार इंच गेले.

आता पितळ घातलंय. पातीही जुन्या पद्धतीने लावली : मागच्या टेबलावर लाकडाची सरळ चीप ठेवायची, कटर ब्लॉक हाताने फिरवायचा, पात्याने चीप तीन मिलिमीटर पुढे ओढली की उंची बरोबर. तिन्ही पाती, दोन्ही टोकं, सहा वेळा. मग सागाच्या दोन फळ्या रंधल्या. मी खिडकीकडे धरायला गेलो, तर पोराने त्या हातातून काढून घेतल्या आणि स्वतः धरल्या. उजेड आला नाही. त्याने फळ्या उलटसुलट करून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, ‘‘आता चार इंच जास्त कापायला नको ना?’’

मुलीच्या टेबलाचा दुसरा सांधा उघडून नव्याने जोडायचा आहे. ते तिला अजून सांगितलेलं नाही.

आपल्याला एकच विनंती. हे पत्र वाचनात आलं तर कारखान्यावर या, चहा घेऊ. पत्रिका जपून ठेवली आहे, परत देईन. येणं जमणार नसेल तर निदान एवढं कळवा : पुढच्या टेबलाखाली काय घातलंय? ते अजून उचललेलं नाही. मोजून पाहिलं तर सगळं बरोबर येतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटते.

कळावे,
आपला,
चौथा मालक